आयता मासा

मालवणजवळच्या खाडीतल्या एका लहानशा बेटावर मी तीन दिवस निव्वळ जेवायला गेलो होतो. बेट अर्ध्या तासात फिरून होतं. बाकीचा वेळ पुढच्या जेवणाची वाट पाहण्यात मजेत जातो. जिथं उतरलो होतो त्या घरच्या सुलूताई पहिल्याच दुपारी माझ्या ताटाशी थबकल्या. तळलेला बांगडा तसाच होता.

"काय हो, मासो आवडूक नाय?"

"आवडतो. पण काटे बायको काढून द्यायची. ती गेल्या वर्षी गेली."

त्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षां आयतोच खाल्ल्यात तुमी! आता शिका."

मला हसूच आलं. वर्षभर सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते. सुलूताईंनी काटे काढून दिले नाहीत, फक्त पाठीवरून बोट फिरवून कुठं दाबायचं ते दाखवलं. मधला काटा अलगद सुटला. बारीक काटे मात्र एकेक शोधावे लागले. आपल्यासाठी कुणी केलेलं काम केवढं होतं, ते आपल्या हाती आल्यावरच दिसतं. पहिला घास घेतला तेव्हा बांगडा पार गार झाला होता.

बायको आधी माझ्या माशाचे काटे काढायची, मग स्वतःच्या. "मला गारच आवडतो," म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं.

"गरम आणू दुसरो?" सुलूताईंनी विचारलं.

"आणा, पण हा संपू दे," मी म्हणालो. गार बांगडाही फार चवदार लागत होता.