पाचपैकी पाच

"पेण, परत म्हणा," धाटावहून आवाज आला.

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

"मग लाइन चालू आहे असं मी कसं लिहू?"

"मी 'नाही' म्हटलेलं ऐकू आलं ना? मग चालू आहे."

सकाळचे आठ वाजून चार मिनिटं झाली होती. मी खुर्चीत ताठ बसले होते, जणू देशाचं स्वातंत्र्य माझ्या एकटीच्या जिभेवर अवलंबून होतं. माझं वय अडतीस. अक्कल त्या मानाने बरीच लहान.

आता नीट सांगते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. रोह्याजवळ धाटावला आमच्या कंपनीचा केमिकलचा कारखाना होता आणि पेणला हायवेलगत डेपो. मुंबईकडून येणारे टँकर आधी आमच्या डेपोत थांबायचे आणि कारखान्याने बोलावलं की पुढे जायचे. मी डेपोची टेलिफोन ऑपरेटर-कम-टायपिस्ट. साधा फोन आठवड्यातले दोन दिवस मेलेला असायचा, म्हणून कंपनीने डेपो आणि कारखाना यांच्यात थेट तार टाकून घेतली होती. आम्ही तिला हॉटलाइन म्हणायचो. डायल वगैरे काही नाही. इथला रिसीव्हर उचलला की तिकडे घंटा वाजणार. कारखान्यात गॅस सुटला तर टँकर रोखायला आणि पेणहून ॲम्ब्युलन्स काढायला हीच तार.

तार गडबच्या भातखाचरांवरून आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यातून यायची. गंज खायची, खरखरायची. म्हणून रोज आठला टेस्ट. धाटावने एक ते दहा मोजायचं, पेणने उलटं दहा ते एक म्हणायचं आणि पाचपैकी मार्क द्यायचे. सगळं स्पष्ट ऐकू आलं तर पाच. एखादा शब्द परत विचारावा लागला तर चार. तीनच्या खाली गेलं की लाइनमनला बोलवायचं. मार्क दोन्हीकडच्या रजिस्टरात लिहायचे. आमच्यात एकमेकींना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. ती धाटाव, मी पेण.

ती म्हणजे एस्तेर. नगरकडची ख्रिस्ती बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, एकटीच. कारखान्यात दुसरं ख्रिस्ती माणूस नव्हतं. रविवारी चर्चला जायचं तर दिवस मोडायचा, म्हणून ती खोलीतच प्रार्थना करायची. पेणला माझंही तसंच. नवरा आखातात, मुलगी मीनू पुण्याला माझ्या आईकडे शाळेत. माझी भाड्याची खोली गणपतीच्या कारखान्यावर होती. जिन्याच्या दोन्ही बाजूंना डोळे न आखलेल्या मूर्ती. त्यांच्यामधून मी रोज वर जायची आणि मनात म्हणायची, तुम्ही मला बघत नाही, मी तुम्हाला मानत नाही, हिशेब बरोबर. मालकांनी पहिल्या वर्षी आरतीला बोलावलं. मी त्यांना उभ्या उभ्या पंधरा मिनिटं विवेकावर भाषण दिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी बोलावलं नाही. खाली टाळ वाजत होते, वर मी विवेकाशी गप्पा मारत बसले होते. विवेक फारसा बोलत नाही.

एस्तेर कामाला लागली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने आकडे सोडले. एक-दोन-तीनच्या जागी तिची सकाळची प्रार्थना सुरू झाली. पुस्तकातली नव्हे, स्वतःच्या मनाची, रोज वेगळी. "प्रभू, आज बॉयलरवर सावंत आहेत, त्यांचा हात भाजू देऊ नकोस. कॅन्टीनच्या गंगूबाईंचा गुडघा दुखतो, त्यांना जिना चढायला लावू नकोस. आमेन. पेण, परत म्हणा."

मी ओरडलेच. "मी देव मानत नाही. माझ्या तोंडून प्रार्थना वदवता?"

"बरं. प्रभू आणि आमेन मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणते. मधलं तुम्ही म्हणा. सावंतांना तरी मानता ना?"

"आणि आकडे का नकोत?"

"माझा आकड्यांवर विश्वास नाही."

यावर मी दिवसभर हसत होते. देवावर आहे, आकड्यांवर नाही! डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं. पण तह मान्य केला. तीन वर्षं रोज सकाळी मी सावंतांचा हात, गंगूबाईंचा गुडघा परत म्हणत आले. मध्येच एकदा तिकडून आलं, "पेणच्या बाईंच्या मीनूचा आज गणिताचा पेपर आहे, तिला घाई करू देऊ नकोस." तेही मी परत म्हटलं. त्या दिवशी रजिस्टरात चार लिहिले. आवाज खराब होता. माझा.

भांडायचोही भरपूर. "आज तुमच्यासाठी मागितलं," ती म्हणायची.

"परवानगी कोणाला विचारलीत?"

"ज्याच्याकडे मागितलं त्याला."

खंडेनवमीला दोन्हीकडच्या यंत्रांना हळदकुंकू लागायचं. आमच्याकडे झाडलोटीला कमळमावशी होती, खाडीकडच्या मिठागराच्या गावातली. तिने फोनलाही बोट लावलं. मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं. "पुसलंस कशाला गो बाय? तो काय तुला चावत व्हता?" असं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी हा पराक्रम धाटावला सांगितला. एस्तेर म्हणाली, "माझ्याही फोनला लावलंय. राहू दिलं. गंगूबाईंनी हौसेनं लावलं, मी कोण पुसणारी?"

"तुमच्या धर्मात चालतं?"

"मी पूजा केली नाही. फक्त पुसलं नाही."

तर अशी तीन वर्षं गेली आणि त्या दिवशी मी एकदम अडले. का अडले, ते मी नंतर चार मुद्द्यांत टाइप केलं. खरं कारण त्यात नव्हतंच. ते आदल्या संध्याकाळचं होतं. एस्तेर म्हणाली होती, "पेण, मी पनवेलच्या ऑफिसला बदली मागितलीय. तिथे चर्च आहे, माझी बहीण आहे. साहेब हो म्हणालेत."

"छान," मी म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला.

रात्री तत्त्वांना फार धार येते, निदान माझ्या तरी. सकाळी मी परत म्हणायला नकार दिला आणि दुपारी कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरांना तक्रार टाइप केली. विषय: कार्यालयीन तारेवर धर्मप्रचार व कर्मचाऱ्यावर सक्ती. प्रचार! ती बाई सावंतांच्या हाताबद्दल बोलत होती. पण सक्ती हा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, तोच धरून मी इमला चढवला. आणि एक गोष्ट मला पक्की माहीत होती. फाइलला मेमो लागला की वर्षभर बदली होत नाही. ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं.

आमचं टपाल टँकरच्या ड्रायव्हरबरोबर जायचं. पाकीट गेलं. तीन दिवस टेस्ट आकड्यांनी झाली. एक ते दहा, दहा ते एक, पाचपैकी पाच. एवढंच. ती एक शब्द जास्त बोलली नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता घंटा वाजली. पर्सोनेलचे राणेसाहेब. त्यांच्या टेबलावर त्याच तारेचं दुसरं यंत्र होतं.

"काय बाई, तक्रार वाचली. छान टाइप केलंय. एस्तेरबाई इथे समोर बसल्यात. त्या म्हणतात, आधी नियमाप्रमाणे आकड्यांची टेस्ट करून बघू. चालेल?"

"नियमाप्रमाणे असेल तर चालेलच, सर."

एस्तेरने मोजलं, नेहमीच्या चालीत. मी उलटं म्हटलं, दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. "पाचपैकी पाच, सर. एकदम स्पष्ट."

मग राणेसाहेबांनी घसा खाकरला.

"बाई, सात ऐकलात?"

"हो, सर."

"आणि चार?"

"स्पष्ट."

"ते त्यांनी म्हटलेच नाहीत. मी समोर बसलोय."

मला ते ऐकू आले होते. आज सांगते, अगदी तिच्या आवाजात ऐकू आले होते. तीननंतर चार येतो हे मला माहीत होतं, म्हणून कानाने तो आणून ठेवला. गावभर पुरावा-पुरावा करत फिरणारी मी, आणि माझ्या रजिस्टरात पानंच्या पानं असे न ऐकलेले आकडे. एस्तेरचा आकड्यांवर विश्वास का नव्हता, ते मला तीन वर्षांनी कळलं. सावंतांच्या हाताचा अंदाज करता येत नाही. तो ऐकावाच लागतो.

"साहेब, पण बाईंचंही खरं आहे," एस्तेरचा आवाज आला. "त्यांच्या तोंडी मी प्रार्थना घातली. एकदा तरी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

मला ती रागावलेली बरी वाटली असती.

राणेसाहेब म्हणाले, "उद्यापासून प्रार्थना नको, आकडेही नकोत. रोज पेपरातलं काहीतरी वाचा. आणि बाई, तक्रार ठेवायची की मागे घ्यायची ते आज लेखी कळवा. ठेवलीत तर मला मेमो द्यावा लागेल."

चारचा टँकर शेवटचा होता. मी मशीनला कागद लावला आणि बसून राहिले. काहीच लिहिलं नाही तरी चालणार होतं, तक्रार तशीच राहिली असती. मी काहीच न करता एस्तेर अजून वर्षभर रोज आठ वाजता माझ्याकडे येणार होती. मेमोवर सहीसुद्धा माझी नसणार होती. तीन वाजले. साडेतीन वाजले.

कमळमावशी चहाचा कप घेऊन आली. "आज त्या बाईशी बोलली नाय तू?"

"नाही."

"भांडलीव?"

"मावशी, ती जाणार आहे. पनवेलला."

"तिच्या मान्सात?"

"हो."

"मंग जाऊ दे ना गो," मावशी म्हणाली आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागली. फोनच्या भोवतीने पुसलं. फोनला हात लावला नाही. खंडेनवमीपासून ती तो पुसतच नव्हती.

मी टाइप केलं: तक्रार मागे घेत आहे. कारण, मी न ऐकलेले ऐकले म्हणून नोंदवले. टँकर फाटकातून निघाला होता. मी चपला हातात घेऊन त्याच्या मागे पळाले. ड्रायव्हरला वाटलं, आग लागली.

उरलेले तीन आठवडे एस्तेरने पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचल्या. 'जुनी शिलाई मशीन विकणे आहे, पायडलसह.' मी परत म्हणायची. पाचपैकी पाच, आता खरेखुरे. सावंतांच्या हाताचं काय झालं ते कळेना. विचारावंसं वाटे. माफी मागावीशीही वाटे. पण आमच्यामध्ये रोज कोणाची तरी शिलाई मशीन यायची.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "उद्या दुपारी पनवेलची गाडी. पेणच्या स्टँडवर पाच मिनिटं थांबते."

"मला ड्युटी आहे," मी म्हटलं. तेव्हाची मी एवढी शहाणी होते.

दुसऱ्या दिवशी मावशीला फोनपाशी बसवून मी स्टँडवर गेले. गाडी आली. चाळीस-पन्नास माणसं, त्यात बायकाच पंधरा-वीस. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी एस्तेरला कधी पाहिलेलंच नाही. तीन वर्षांत फोटोसुद्धा नाही. उंच की बुटकी, काळी की गोरी, काही माहीत नाही. मी खिडक्यांखालून दोनदा फिरले. बायका माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. कंडक्टरने घंटी दिली. "एस्तेर" अशी हाक मी जन्मात मारली नव्हती, ती तोंडातून निघेना. गाडी हलली आणि मी ओरडले, "धाटाव!"

"धाटाव मागं गेलं, ताई! ही पनवेल हाय!" कंडक्टर ओरडला. स्टँडवरचे लोक हसले.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूच्या एका खिडकीतून, मला दिसत नव्हतं तिथून, आवाज आला. "पाचपैकी पाच, पेण!"

मी गाडीला वळसा घालेपर्यंत ती स्टँडबाहेर पडली होती. एक हात बाहेर आलेला दिसला. हिरव्या बाहीचा. तेवढंच. पनवेलच्या ऑफिसला आमची तार नव्हती. नात मला विचारते, आजी, तू मग शोधलं का नाहीस तिला? काय सांगू, शोधायला चेहरा लागतो, निदान धीर तरी.

दुसऱ्या दिवशी आठला घंटा वाजली. धाटावला नवीन मुलगी होती, घाबरलेली. तिने नियमाच्या जुन्या कागदावर बघून मोजायला सुरुवात केली.

"आकडे नकोत, बाई," मी म्हटलं. "मला माहीत नसलेलं काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"आज बॉयलरवर कोण आहे, तेवढं सांगा."

तिने कोणाला तरी विचारलं. मग सांगितलं, पण मधेच तार खरखरली. पूर्वीची मी असते तर 'सावंत' लिहून मोकळी झाले असते. मी नाव परत विचारलं आणि रजिस्टरात पाचपैकी चार लिहिले.