आत्यानं दात काढायला लावले

अहेरीहून सगुणाआत्या गेल्याचा फोन आला आणि खरं सांगते, मला आधी हसू फुटलं, रडू नंतर आलं. कारण आत्या म्हटलं की ती मला आमच्या घराच्या छपरावर, कवेलूंवर चढलेलीच दिसते, पदर खोचून, खालच्यांवर ओरडत... महिना झाला तिला जाऊन, अजून काही ती खाली उतरलेली नाही.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली, आमचा चांदा जिल्हा तेव्हा अख्खा एकच होता. मी बारा-तेरा वर्षांची. माझे वरचे सुळे बाजूच्या दातांवर चढून आलेले. तोंडावर हात धरल्याशिवाय मी बोलत नसे, हसणं तर सोडूनच दिलं होतं. आत्या दवाखान्यात नर्स. नागपूरला वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर आहे असं तिच्या कानावर आलं आणि मग काय, बाई पेटलीच! मोटार, आगगाडी करत मला घेऊन गेली. डॉक्टरांनी दातांचा ठसा घेतला, मापं काढली आणि सांगितलं की जबडा लहान नि दात मोठे. जागा असती तर नुसत्या तारेवर भागलं असतं. इथं सुळ्यांच्या पाठचे चांगले दात, वर दोन नि खाली दोन, काढावेच लागतील, मग सुळे रांगेत उतरतील.

चांगले दात! बाबांनी घर डोक्यावर घेतलं. "किडला नाई, दुखत नाई, तो दात काऊन उपटायचा?"

आत्या म्हणाली, "दादा, पोरीले दात काढता यावे म्हणून दात काढायचे हायेत."

बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनाच हसू आलं आणि आत्यानं तोच होकार धरला.

दात निघाले. पुडीत बांधून घरी आणले तर आईनं सवयीनं ते, दुधाचे दात टाकतात तसे, कवेलूंवर भिरकावले... आणि वर उंदराकडं नवे दात मागितले! माझं धाबंच दणाणलं. नवे आले तर मोकळी केलेली जागा पुन्हा भरणार! मी असा गोंधळ घातला की शेजारी जमले. उंदीर काही दात देत नसतो, हे नर्स असलेल्या आत्याला ठाऊक नव्हतं थोडंच? पण ती समजावत बसली नाही. शिडी लावून वर गेली, कवेलू उचलून उचलून चारही दात शोधले आणि तिथूनच उंदराला बजावलं, "मागणं वापस घेतलं बरं का, काई देऊ नोको."

पुढं तारेची पट्टी, नागपूरच्या खेपा, ठणकणाऱ्या हिरड्या, सगळं झालं. सुळे हळूहळू उतरले नि जागेवर बसले.

परवा तिच्या खोलीत गेले होते. भिंतीवर आम्हा सगळ्यांचा त्यानंतरचा एक फोटो आहे. तेव्हाच्या रीतीप्रमाणे सारे ओठ मिटून ताठ उभे, मी एकटी दात काढून. आत्यानं ऐन वेळी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं, म्हणून तिचा चेहरा हललाय, नीट दिसतच नाही. माझे दात मात्र एकेक स्पष्ट आलेत.