शेंड्यावरचा उंट, काठावरचा जंत

घाटनांदूरकडच्या आमच्या माळावर त्या उन्हाळ्यात हिरवं असं दोनच ठिकाणी उरलं होतं, बाभळीच्या शेंड्यांना आणि तळ्याच्या काठाला. शेंड्यांना मारवाडी मेंढपाळांचे उंट लागले, काठाला आमची मेंढरं. काठावरचं गवत बघून मी खूश झालो होतो. त्या गवताला गोगलगाईतून आलेले जंत चिकटलेले असतात, हे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर मेंढ्या मरायला लागल्या होत्या. मेलेल्या एकीचं काळीज, म्हणजे यकृत, चिरून त्यांनी दाखवलं. आत बोरीच्या पानाएवढे चपटे जंत वळवळत होते.

उरलेल्यांत कळपाच्या पुढं चालणारी आमची गाभण म्होरकी होती. तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. डॉक्टरांनी औषध पाजलं, पण "उशीर झालाय" म्हणाले.

घाबरलो की मला तोंड सुटतं. बायकोला म्हणालो, "उंट बघ. पाणी न्हाई, काटे खातो, कुरकुर न्हाई. आन् ह्यो जंत? पाय न्हाईत, डोळे न्हाईत. दुसऱ्याच्या काळजात बसून आयतं खातो."

"वळखीचा वाटतोय," ती म्हणाली. "आता डोकं धरता का हिचं? कळा लागल्यात तिला."

म्होरकी तशीच आडवी पडून व्याली. पिल्लू जिवंत निघालं, पण कासेत थेंब नव्हता. पिळून पिळून बायकोची बोटं सुजली. बाकीच्या मेंढ्याही आटलेल्या, गाव लांब, आणि पिल्लू गार पडायला लागलेलं.

"अवो, बघताय काय? पळा की!"

भांडं घेऊन मी उंटांच्या तळाकडं पळालो. त्यांची भाषा मला येईना. मी हातवारे केले, शेवटी मेंढरासारखा ओरडलोसुद्धा. तिथली म्हातारी हसली, आणि माझं तोंड बघून हसायची थांबली. दुभत्या सांडणीशेजारी एका पायावर उभी राहून, दुसऱ्या गुडघ्यावर भांडं टेकवून तिनं धार काढली. मी खिशात हात घातला, तर तिनं मलाच हाकललं.

परत येऊन त्या दुधात चिंधी भिजवून दिली, तसं पिल्लू चोखायला लागलं. त्या आवाजानं म्होरकीनं मान उचलली. बायकोनं पिल्लू तिच्या तोंडाशी नेलं. ती चाटत राहिली. मग जीभ पिल्लाच्या पाठीवर तशीच राहिली.

पिल्लू धडपडत उठलं आणि तिच्या कासेत तोंड खुपसायला लागलं. मी त्याला मागं ओढायला वाकलो.

"राहू द्या," बायको म्हणाली. "अजून ऊब हाय तिला."