कुंपणाकडेनं एक फेरी

मार्च संपत आला की आमच्या कॅम्पातली पोरं होलिस ब्रँडवॉल्डच्या नजरेला नजर द्यायची नाहीत. एरवी त्याच्या टकलावरून विनोद करणारी हीच पोरं. पण शेवटच्या आठवड्यात तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला की कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा, कुणी संडासात जाऊन बसायचा. एकदा आमचा एक गडी मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीत शिरून टॉवेलांखाली लपला होता. होलिसनं गाडीवर टकटक केलं आणि म्हणाला, "बाहेर ये रे बाबा. तू संघात आहेस. मला फक्त तुझ्या अंगाखालचा एक टॉवेल हवाय."

होलिस आमच्या बेसबॉल संघाचा मुख्य कोच आणि मी त्याच्या हाताखाली पिचर लोकांना, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांना, शिकवणारा. दर वसंतात फ्लोरिडातल्या त्या चार मैदानांवर चाळीसेक पोरं यायची. पाच-सहा आठवडे घाम गाळायची आणि एप्रिलच्या तोंडावर आमची बस उत्तरेला निघायची तेव्हा तिच्यात जागा असायची फक्त चोवीस जणांना. उरलेले खालच्या संघात, नाहीतर घरी. कोण बसमध्ये बसणार ते होलिस ठरवायचा. आमची मोठ्या शहरातली, टीव्हीवर दिसणारी टीम नव्हती. तिथपर्यंत पोचायच्या वाटेवरची एक मधली पायरी. पण त्या पोरांना ती पायरी म्हणजे जग होतं.

होलिस स्वतः या वाटेवर अकरा-बारा वर्षं खेळला होता आणि वरपर्यंत कधीच पोचला नव्हता. पाच वेगवेगळ्या संघांनी त्याला नारळ दिला. त्यातला एक किस्सा तो नेहमी सांगायचा. एका सकाळी तो खोलीत आला तर खुंटीवर त्याचा शर्ट नव्हता. "मी कपडे धुणाऱ्याला विचारलं, अरे माझा शर्ट कुठंय? तर त्यानं मान खाली घातली. म्हणजे बघ लायल, माझं आयुष्य माझ्याआधी त्या धोब्याला कळलं होतं."

म्हणून होलिसच्या कॅम्पात कुणाचा शर्ट नाहीसा व्हायचा नाही की भिंतीवर कागद लागायचा नाही. ज्याला काढायचं त्याच्याकडे तो स्वतः जायचा आणि म्हणायचा, "चल, जरा चालून येऊ." मग दोघं मैदानाच्या टोकाच्या कुंपणाकडेनं एक फेरी मारायचे. गुडघा खराब असल्यानं होलिस सावकाश चालायचा. का काढलं ते तो तोंडावर सांगायचा, गोड करून नाही. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, एकानं तर होलिसच्याच डोक्यावरची टोपी काढून कुंपणापलीकडच्या तळ्यात भिरकावली होती. होलिस सगळं ऐकून घ्यायचा. त्या दिवसांत त्याला जेवण जायचं नाही. त्याची बायको आर्लीन दर मार्चमध्ये मिनेसोटाहून यायची ती केवळ त्याच्या घशाखाली चार घास उतरावेत म्हणून, असं ती स्वतःच सांगायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तेवीस नावं ठरली होती. शेवटची एक जागा पिचरची होती आणि तिच्यासाठी दोघं होते.

एक ड्वाइट सोरेल. ओक्लाहोमाचा, विशी नुकतीच ओलांडलेला, अंगानं दांडगा. चेंडू असा फेकायचा की तो झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्याचा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू जायचा. कुठं जाईल याचा मात्र भरवसा नाही. दुसरा गार्लंड मीक्स. टेनेसीचा डावखुरा, बत्तीस वर्षांचा, केसांत पांढरं आलेला. कधीकाळी त्याचा चेंडू बॅटपाशी येऊन असा वळायचा की भले भले हवेत बॅट फिरवून जमिनीवर बसायचे. आता ते दिवस सरले होते. सगळा मार्चभर त्याला मार पडत होता.

होलिसनं मला खोलीत बोलावलं. "तुझं काय मत?"

"मीक्स मला आवडतो," मी म्हणालो. "पण त्याचा चेंडू आता वळत नाही, नुसता लोळतो."

"मलाही तसंच दिसतंय," होलिस म्हणाला. त्यानं पेन्सिल उचलून यादीत चोविसावं नाव लिहिलं. मग म्हणाला, "पोराला घेऊ."

दुपारी त्यानं सोरेलला तसं सांगितलं. पोरगं खेळायच्या बुटांतच फोनकडे पळालं आणि "डॅड! डॅड, झालं!" असं इतक्या जोरात ओरडलं की फोन नसता तरी ओक्लाहोमात ऐकू गेलं असतं.

उन्हं उतरल्यावर होलिस मीक्सला घेऊन कुंपणाकडे निघाला. मी तिथंच विखुरलेले चेंडू बादलीत भरत होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. होलिसनं आडपडदा न ठेवता सांगितलं. चेंडू वळत नाही, वेग उरलेला नाही, तुला बसमध्ये घेता येत नाही. मीक्सनं टोपी मागे सारली आणि तो चक्क हसला.

"बरोबर आहे, कोच. तुम्ही पाहिलेल्या मीक्सबद्दल बरोबर आहे."

"म्हणजे? दुसरा मीक्स कुठं ठेवलायस?"

"हिवाळाभर मी खांद्यावरून फेकलंच नाही. कमरेपासून, आडव्या हातानं फेकत होतो, आमच्या पेंडीच्या दुकानामागच्या गोदामाच्या भिंतीवर. तसा चेंडू वळतो, कोच. डावखुऱ्या बॅट्समनला तर तो पाठीमागून आल्यासारखा वाटतो."

"मग महिनाभर काय झोपला होतास? इथं का नाही फेकलास?"

"लाज वाटली," मीक्स म्हणाला. "तुम्ही म्हणाल, म्हातारा झाला आणि आता गारुड्याचे खेळ करायला लागला. वाटलं, जुनी पद्धत परत येईल. नाही आली."

दुसरा कोणी असता तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला असता, फार उशीर झाला रे बाबा. होलिस थांबला. कुंपणाची जाळी धरून तो गुडघा चोळत उभा राहिला.

"सकाळी सातला मागच्या मैदानावर ये," तो म्हणाला. "मी चुकलो असेन तर मला दाखव."

सकाळी गवतावर दव होतं आणि दोन करकोचे आमच्याकडे दुर्लक्ष करून किडे टिपत होते. मीक्ससमोर उभं राहायला होलिसनं आमचे तीन सगळ्यात चांगले डावखुरे बॅट्समन झोपेतून उठवून आणले होते. कॅचर मात्र दिसेना.

"कॅचर मी," होलिस म्हणाला आणि छातीला पॅड बांधायला लागला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणालो. "अठ्ठावन्न वर्षांचा तू. त्या गुडघ्यावर उकिडवा बसणार? आर्लीन मला फाडून खाईल."

"बाजूनं बघून मी एकदा चुकलोय, लायल. आता समोरून बघू दे."

तो कण्हत खाली बसला. मीक्सनं पहिला चेंडू कमरेपासून सोडला. समोरच्या पोरानं अंग मागे घेतलं, चेंडू आपल्याला लागणार म्हणून. चेंडू वळला आणि होलिसच्या हातमोज्यात बरोब्बर मधोमध जाऊन बसला. "हे काय होतं?" पोरगं म्हणालं. दुसऱ्या चेंडूवर त्यानं बॅट फिरवली आणि हुकला. तिसऱ्यावर पुन्हा हुकला. नंतरच्या दोघांचीही तीच गत. एकाच्या बॅटच्या टोकाला चेंडू जेमतेम लागला, तो थेट होलिसच्या उघड्या अंगठ्यावर आदळला. होलिसनं एक सणसणीत शिवी हासडली, हात झटकला आणि म्हणाला, "थांबू नकोस. फेक."

संपलं तेव्हा त्याला उठवायला आम्ही दोघं लागलो. अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला होता. मीक्स हातात टोपी धरून उभा होता.

"बॅग भर," होलिस त्याला म्हणाला. "बसमध्ये खिडकी हवी की कसं ते आत्ताच सांग."

मीक्सनं टोपी घट्ट डोक्यावर बसवली. तो बॅग भरायला निघाला.

तो गेल्यावर मी होलिसला बाजूला घेतलं. "मीक्सला घेतलास, मग कुणाला काढणार? सोरेलला तू काल शब्द दिलायस. त्यानं घरी कळवलंय. हे बघ, मीक्स चांगला आहे, मान्य. पण दिलेला शब्द..."

"शब्द मी दिला," होलिस म्हणाला. "तर मोडायलाही मीच जायला हवं."

"लोक म्हणतील, ब्रँडवॉल्डचं काही खरं नाही. आज एक, उद्या एक."

"म्हणू देत. चूक कळल्यावरही तीच चालवायची, कशासाठी? मी भला दिसावा म्हणून? मीक्सनं माझ्या अब्रूपायी घरी जायचं?"

आर्लीन तेवढ्यात बर्फाची पिशवी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. अंगठ्यावर पिशवी बांधता बांधता ती म्हणाली, "जायचंच आहे तर पँटवरची माती झटकून जा, होलिस. त्या पोराचा हा वाईट दिवस आहे. निदान नीट कपड्यात तरी जा."

त्या फेरीच्या वेळी मी जवळ नव्हतो. पण सोरेलनं आवाज इतका चढवला होता की सगळ्या मैदानांनी ऐकलं. होलिसची उत्तरं मला नंतर त्याच्याकडूनच कळली.

"मी तर संघात आहे ना? मग ही फेरी कसली?"

"काल होतास. काल मी चुकलो."

"म्हणजे मी वाईट फेकलं?"

"नाही. काल जितका चांगला होतास तितकाच आजही आहेस. पण मीक्स आज तुझ्यापेक्षा बरा आहे, आणि ते काल मला दिसलं नव्हतं. तू खालच्या संघात जा, दर चार दिवसांनी फेक, चेंडूवर ताबा आण."

"माझ्या बापानं अख्ख्या गावाला सांगितलंय! आता मी काय तोंड दाखवू?"

"त्यांचा नंबर दे. मी सांगतो."

आणि त्यानं खरोखर फोन केला, ऑफिसातून, माझ्यासमोर. सोरेलचा बाप तेलविहिरीवर काम करणारा माणूस, त्याची भाषाही तशीच. होलिसनं फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, पण ठेवला नाही. पलीकडचा दमला तेव्हा होलिस म्हणाला, "हो सर. तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त मला इतके शब्द येत नाहीत." त्यावर बहुधा सोरेलचा बाप हसला असावा, कारण होलिसचा चेहरा जरा सैल झाला.

नंतर क्लबच्या मुख्य कचेरीतला मॅक्लिंटिक नावाचा साहेब फोनवर तडकला. सोरेलला त्यानंच शोधून आणलं होतं. "तू एका म्हाताऱ्यासाठी माझ्या घोड्याला तबेल्यात बांधतोस?" होलिस एवढंच म्हणाला, "ऑगस्टमध्ये आपण तळाला असलो तर मला काढ. पण समोर येऊन काढ, फोनवर नको."

आम्ही तळाला नव्हतो. मीक्सनं त्या उन्हाळ्यात डावखुऱ्यांना अक्षरशः नाचवलं. समोरच्या संघांतले लोक त्याला "सर्कसवाला" म्हणायचे आणि तो टोपी काढून मुजरा करायचा. जुलैत आमच्या एका पिचरचं कोपर गेलं आणि सोरेलला वर बोलावणं आलं. होलिस स्वतः बसस्टँडवर त्याला आणायला गेला. पोरानं हात मिळवला नाही, बॅगही उचलू दिली नाही. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. पण त्याचा चेंडू आता जिथं जायला हवा तिथं जात होता.

त्याला बोलतं केलं ते मीक्सनं. दोघं मैदानाच्या कडेच्या बाकावर शेजारी बसायचे, मीक्स उकडलेल्या शेंगा सोलून त्याच्यापुढे धरायचा आणि समोरच्या एकेका बॅट्समनची कुंडली सांगायचा. "हा बघ, याला उंच चेंडू दिलास की तो मैदानाबाहेर मारून वर घरी पत्र लिहितो. खाली दे, रडत बसतो." सोरेल आधी मान वळवून बसायचा. मग ऐकायला लागला. मग विचारायला लागला. सीझन संपला तेव्हा आम्ही दुसरे आलो. शेवटचा सामना एका धावेनं हरलो. त्या सामन्यात सोरेलनंतर मीक्स फेकायला आला होता आणि आत-बाहेर करताना दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारलेली मी पाहिली.

पुढच्या हिवाळ्यात मीक्सच्या खांद्यानं कायमचा राम म्हटला. तो पेंडीच्या दुकानात परत गेला आणि सुखी झाला म्हणतात. सोरेल आणखी एक पायरी चढला, तिथंच अडकला आणि काही वर्षांनी खेळ सोडला. होलिस आणखी सहा वसंत तिथं कोच होता, दर मार्चमध्ये उपाशी राहत आणि कुंपणाकडेनं फेऱ्या मारत.

होलिस वारला त्यानंतर मी ओक्लाहोमातल्या तल्सात सोरेलला भेटलो. टायरचं दुकान आहे त्याचं, पोट सुटलंय, दोन मुली आहेत. होलिस गेल्याचं त्याला मीच सांगितलं. तो हातातलं काम थांबवून उभा राहिला.

"माझ्यावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं, लायल," तो म्हणाला. "काल हो, आज नाही, असं कुणी करतं का?"

"नाही करत," मी म्हणालो.

"पण नंतर मला आणखी तीन संघांनी काढलं. दोघांनी पत्र पाठवलं. तिसऱ्यानं तेही नाही, दारावरच्या माणसानं आत सोडलं नाही म्हणून कळलं." त्यानं फडक्याला हात पुसले. "म्हाताऱ्याला निदान मी समोरासमोर शिव्या तरी देऊ शकलो. तो ऐकत उभा राहिला, अंगठा तसला सुजलेला. बाकीच्यांना कुणाला देणार होतो?"

मग त्यानं मला जेवायला थांबवून घेतलं. आर्लीन अजून मिनेसोटातल्याच घरी असते का, आणि तिला फोन करायला कुठली वेळ बरी, हे त्यानं जेवताना दोनदा विचारलं.