एक जूनची गोलकीपर

हरिबा आबांचा कुणावरच विश्वास नव्हता. माझ्यावर तर मुळीच नाही. पहिल्याच भेटीत मला तोंडावर म्हणाले, "मॅडम, तुमी पोरींना गाडीत घालून कुठं कुठं नेता, आन् सगळ्या परत आणता का न्हाई, ह्ये कोण बघणार? म्या बघणार." तेव्हापासून संघाच्या प्रत्येक सामन्याला हा माणूस हजर! कवठे येमाईहून एसटीने यायचे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि बसायचे थेट आमच्या गोलपोस्टच्या मागे. गोलमध्ये त्यांची नात उभी असायची ना, प्रगती.

मी सुलक्षणा. शिरूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मुली गोळा करून मी फुटबॉलचा संघ बांधला, आणि यंदा तो राष्ट्रीय महिला चषकात उतरला. स्पर्धा बाद फेरीची. एक सामना हरला की घरी.

आबांची उभी हयात मेंढरांमागे गेली. गुडघे गेले तेव्हा कळप मुलाकडे, संपतकडे दिला. संपत आणि त्याची बायको वर्षातले आठ महिने रानोमाळ, म्हणून प्रगतीला आबांनीच वाढवलं. उघड्यावर निजायचं, लांडग्यावरही नजर ठेवायची आणि चोरावरही. तिथं संशय घ्यावाच लागतो, हे मला कळतं. पण माणूस घरी आला तरी ती खोड सुटू नये? मुली गाडीत चढताना मोजायच्या, उतरताना पुन्हा मोजायच्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच उघडलेलं दिसलं की बाटली ओतून द्यायची. एकदा तर पंचालाच विचारलं, "पावनं, गाव कंचं?" पंच नगरचा निघाला आणि समोरचा संघही नगरचा. झालं! पूर्ण सामना आबा जाळीमागून ओरडत होते. आम्ही दोन-शून्यने जिंकलो तरी म्हणतात, "त्याला येळ कमी पडला."

प्रगती मात्र अशी की तिच्यासाठी मी असले दहा आबा सोसले असते. उपांत्यपूर्व सामना पेनल्टीवर गेला तेव्हा पोरीने दोन फटके अडवले. आता पुण्यात उपांत्य सामना होता. शिरूर-दौंडच्या मुली देशातल्या शेवटच्या चार संघांत! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि मग पत्र आलं. प्रगतीच्या वयाची पडताळणी करायची आहे, पालकांना घेऊन पुण्याच्या कार्यालयात या. या स्पर्धेला सोळा वर्षं पूर्ण लागतात. प्रगतीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनलाच असतो. खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. प्रगतीचा जन्म मेंढरांच्या तळावरचा, त्यामुळे त्या दाखल्याशिवाय दुसरा कागदच नव्हता.

आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "ह्ये सावळारामचं काम हाय."

सावळाराम आप्पा म्हणजे दौंड तालुक्यातल्या पाटसचे बागायतदार. त्यांची नात मोनाली आमची दुसरी गोलकीपर, कायम राखीव बाकावर. प्रगती बाहेर गेली की मोनाली आत. हिशेब इतका सरळ होता की मलाही पटला. लाज वाटते सांगायला, पण पटला. सरावाला मोनाली हसली तरी मला खुपायला लागलं. एकदा सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "काय गं, फार खुशीत दिसतेस?" ती खाली बघून बुटाची लेस बांधत राहिली. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात आहेच काहीतरी. आबांनी प्रगतीला मोनालीशेजारी बसायलासुद्धा बंदी केली. शिरूरच्या मुली एका बाजूला, दौंडच्या दुसऱ्या, आणि एकमेकींना चेंडूसुद्धा देईनात. चार दिवसांत माझ्या संघाचं पार वाटोळं झालं.

शेवटी आबा म्हणाले, "म्या जातो त्याच्या दारात." काठी बरोबर होतीच, म्हणून मीही गेले.

आप्पा कारखान्यावर गेले होते. ओट्यावर त्यांच्या पत्नी, कस्तुराबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. आबांनी ना राम राम केला ना काही. "वैनी, अर्ज कुनी दिला?"

"कसला अर्ज?"

"आमच्या प्रगतीला काढायचा. मोनालीला उभी करायला."

कस्तुराबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "अरं हरिबा, लाज हाय का तुला? अर्जच द्यायचा असता तर कवाच दिला असता! ही पोर आमच्याच रानात, तुझ्या तळावर झाली. नाळ ह्या हातानं कापली म्या. तवा मोनाली दीड वर्साची, माझ्या कडंवर हुती. मोनालीला आत्ता सतरावं सरत आलंय. मग तुझी नात सोळाची कशी रं? सांग की!"

आबांनी काठी भिंतीला टेकवली.

"आमच्या घरात समद्यांना ठाव हाय. मोनालीलाबी. म्याच तिला म्हणलं, त्वांड उघडायचं न्हाई, पोर खेळतीया तर खेळू दे."

एक शब्द बोलली असती तर जागा मोनालीची होती. आणि मी तिला काय बोलले होते! तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परतीच्या वाटेवर आबा आपणहून बोलले. थोरली नात, प्रगतीची बहीण, पहिलीत जात होती, तेव्हा प्रगती जेमतेम साडेचारची. "दोन वर्सांनी हिला एकटी कशी धाडणार? वाटंवर कोण भेटंल, काय भरवसा? दोघी संगं जात्याल म्हणून गुरुजींना सांगितलं, सहा सरली."

म्हणजे ते दीड वर्ष आबांनीच वाढवलेलं. मी गाडी चालवता चालवता सगळा विचार केला. कागद एकच, आणि कस्तुराबाई बोलणार नाहीत. "आबा," मी म्हटलं, "सही करा आणि गप्प बसा." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या दिवशी मात्र माझ्यावर संशय घ्यायला त्यांच्याकडे कारण होतं.

पुण्याच्या कार्यालयात एक बाई होत्या, शांत, चष्मेवाल्या. आबांनी आधी तेच विचारलं, "तक्रार कुनाची हाय?"

"कुणाचीच नाही, आजोबा. जन्माचा दाखला नाही, फक्त शाळेचा आहे, अशा प्रत्येक मुलीला पत्र गेलंय. देशभरात एकतीस जणींना."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

चार दिवस आम्ही ज्याला शिव्या घालत होतो तो माणूस नव्हताच. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. वरील तारीख माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे, खाली सही. आबांनी पेन उचललं. बाईंनी सहज प्रगतीला विचारलं, "बाळ, जन्मतारीख काय तुझी?"

"एक जून."

"नक्की?"

"व्हय. आबांनी सांगितलीय."

पोरगी इतक्या सहज म्हणाली, की त्यापुढे काही विचारायचं उरतच नाही. आबांचं पेन तिथंच थांबलं. मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला.

"मॅडम, पाय काढा," ते मोठ्याने म्हणाले. मग त्या बाईंना, "तिला नका इचारू. तिला ठाव न्हाई. खोटं म्या सांगितलंय. पोर पंधराची हाय."

अर्ध्या तासात सगळं संपलं. प्रगती अपात्र, आणि ती खेळली ते सगळे सामने रद्द. आम्ही ज्यांना पेनल्टीवर हरवलं होतं तो संघ पुढे गेला. अठरा मुलींचा चषक गेला. मला आबांचा असा संताप आला की गाडीचं दार मी त्यांच्या तोंडावर आपटलं. मला ते खोटं चाललं असतं, हे लपवत नाही.

परतीची अर्धी वाट सरली. मग मागच्या सीटवरून प्रगतीने विचारलं, "आबा, मग मी खरी कवा झाले?"

"हिवाळा हुता. ऊस तुटत हुता."

"तारीख?"

आबा म्हणाले, "कस्तुरा वैनींना ठाव असंल."

"मग फोन लावा."

मी गाडी कडेला घेतली आणि नंबर लावून, स्पीकर सुरू करून फोन त्यांच्या हातात दिला. परवा ज्या बाईच्या दारात काठी घेऊन गेले, तिलाच. "वैनी, म्या हरिबा. चुकलं माजं. पोरीची तारीख तेवढी सांगा."

पलीकडून आवाज आला, "अकरा जानेवारी. त्याच दिवशी आमच्या बोरला पाणी लागलं हुतं, म्हणून ध्यानात हाय."

"म्हंजी पुढल्या जानेवारीत मी सोळाची," प्रगती पुढे वाकून म्हणाली. "मॅडम, पुढल्या वर्सी तर खेळता येईल?"

मला सांगावंच लागलं. वय मोजतात ते त्या वर्षाच्या एक जानेवारीला. दहा दिवस कमी पडत होते.

फोन चालूच होता. कस्तुराबाईंनी ऐकलं. "अगं, मग एक जानेवारीच लाव की! मी सोडून हाय कोण सांगणारं? दहा जागी शपथंवर सांगते."

आबा माझ्याकडे बघायला लागले, मी प्रगतीकडे. तिने हो म्हणावं असं मला अजूनही वाटत होतं.

"नको आजी," ती म्हणाली. "अकराच ऱ्हाऊ द्या."

आणि मग ती मोठ्याने रडायला लागली. चषकात उतरायला तिला आता आणखी दोन वर्षं थांबायचं होतं.