अंधारात वाळवलेली जाळी

गॅरेजमध्ये भपकन आवाज झाला आणि दाराखालून काळा धूर स्वयंपाकघरात आला. मी दार ओढलं. आमचे हे आत पेटले होते, तरी हातातली छपाईची चौकट सोडत नव्हते. मुलाने ब्लँकेट टाकून त्यांना फरफटत बाहेर काढलं. सून तान्ह्या बाळाला घेऊन अनवाणी बर्फात उभी होती.

सगळं त्या बाळाच्या बारशाच्या पत्रिकांपायी. मुलगा अमेरिकेत, नोव्हाय गावी गाड्यांच्या कंपनीत होता. तो म्हणाला होता, "बाबा, ऑनलाइन ऑर्डर करतो ना, घरपोच येतील."

"तुझ्या बारशाची मी छापली. नातीची काय पोस्टमन छापणार?"

सांगलीला आमची पत्र्याची शेड होती. तिथे लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्या छापायचो. काम असं: लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, तिला उजेडाने घट्ट होणारं औषध फासायचं आणि अंधारात वाळवायचं. मग अक्षरांची फिल्म ठेवून दिवा लावायचा. काळ्या अक्षराखाली उजेड पोचत नाही, तेवढंच औषध पाण्याने निघून जातं. वर शाई ओतून रबराच्या पट्टीने ओढली की मोकळ्या जागेतून अक्षर कागदावर उतरतं. हे सांगायचे, मूळ जपान्यांचं. ते कागद कोरून कापड रंगवायचे आणि कोरलेले नाजूक तुकडे हलू नयेत म्हणून रेशमाच्या धाग्यांनी धरायचे. पुढे गोऱ्यांनी चौकटीवर रेशीमच ताणलं. मला त्याचं कौतुक नव्हतं. शाई पुसायच्या थिनरने माझ्या हातांची सालटं निघायची.

सांगलीत औषध वाळवायला काळ्या पडद्याचा कोपरा होता आणि शाईचं काम उघड्या शेडमध्ये चालायचं. इथे दोन्हीला एकच गॅरेज. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट; हळदीचा रंग छापून झाला होता. कुंकवाच्या रंगाची चौकट वाळत होती, म्हणून यांनी गॅरेजच्या बाहेरच्या दाराच्या फटीत माझी गोधडी कोंबली आणि औषधाला न बाधणारा पिवळा दिवा लावला. शाई थंडीने घट्ट होते म्हणून शेजारी हीटर. तिथेच पहिली चौकट थिनरने पुसायला बसले.

मी आतून ओरडले, "खोकताय किती! दार उघडा जरा."

"उजेड येईल गं. चौकट वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

"तुला काय कळतंय? चहा टाक."

मी चहा टाकला. तो उकळायच्या आतच कोंडलेल्या थिनरच्या वाफेने हीटरवर पेट घेतला आणि आवाज झाला.

हॉस्पिटलमध्ये नळ्या लावल्या होत्या. डॉक्टर इंग्रजीत बोलायचा, मुलगा मान हलवायचा आणि मला काही सांगायचा नाही. मला न सांगताही कळत होतं. हे शुद्धीवर आलेच नाहीत. बारसं झालं नाही. पाळणा खोक्यातच राहिला. घरात वाळत ठेवलेल्या पिवळ्या पत्रिकांवर कुंकू कधीच चढलं नाही, सुनेने त्या कचऱ्याबरोबर दिल्या. मीच सांगितलं होतं द्यायला. त्यानंतर मला या घरात काही गोड लागलं नाही, आजही लागत नाही.

मुलाच्या हातांवर भाजल्याचे डाग राहिले. मुलगा, सून, बाळ आणि मी वाचलो. हे वाचले नाहीत.