इसार देऊन घेतलेला खेळ

श्रावण ढोके संत्र्याच्या तोडणीचा मुकादम होता. चौदा माणसांची टोळी. पांढुर्ण्याचा व्यापारी बाग घ्यायचा, श्रावण टोळी घेऊन उतरायचा. त्याची एक सवय सगळ्या मंडीला माहीत होती. भरलेलं कॅरेट समोर आलं की तो वरची फळं बघायचाच नाही. हात खालपर्यंत घालायचा, अगदी तळातलं फळ काढायचा आणि तेच चिरायचा. व्यापारी रागवायचे. श्रावण म्हणायचा, वरचं तुम्ही मला दाखवायलाच ठेवलं आहे, ते मी काय बघू.

सहा वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला. कंबर मोडली. त्याच्या टोळीत रामाकोन्याचा अतुल होता. त्याने श्रावणला पाठीवर घेतलं आणि चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं. अंतर एक किलोमीटरच्या वर. मी बोरगावच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं गाठोडी उचलली आहेत. दुखणारा माणूस उचलणं हे गाठोडं उचलण्यापेक्षा अवघड असतं, कारण तो हलतो. म्हणून हे लिहून ठेवलं.

कंबर जुळली, पण शिडी बंद झाली. श्रावणने सौंसरला घराच्या पुढच्या खोलीत गेमचं दुकान काढलं. एक मोठा टीव्ही, एक मशीन, चार खुर्च्या. तासाला चाळीस रुपये. लोक हसले. मुकादम आता पोरं खेळवणार. पण कॉलेजची मुलं, मेडिकलवाले, बँकेतले शिपाई, सगळे यायला लागले. वर्षभरात मधल्या खोलीत पडदा लावून त्याने दुसरी मशीन बसवली. मी निवृत्त झालो होतो. समोरच राहतो. खुर्च्यांचे पाय ढिले झाले की घट्ट करून द्यायचो.

मशीनचं सगळं काम अतुल करायचा. त्याने तोवर रामाकोन्याला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं होतं. दर गुरुवारी यायचा. वायर, पंखा, मशीन, सगळं बघायचा. पैसे घेत नव्हता. मीनाच्या हातचा चहा घ्यायचा आणि बसने परत जायचा. मीना म्हणजे श्रावणची बायको. श्रावणला भाऊ नाही. गुरुवारी अतुलला उशीर झाला की तो दोनदा दारात येऊन रस्ता बघायचा.

सुरुवातीला खेळ डिस्कवर असायचे. डिस्क श्रावणला पटत होती. हातात येते, उलटून बघता येते, ओरखडा दिसतो. मग जुनी मशीन जळाली आणि नवी घेतली. तिला डिस्कची फटच नव्हती. तशी मशीन पाच हजारांनी स्वस्त मिळत होती. श्रावणने तेव्हाच विचारलं होतं, फट नसल्याचे पाच हजार कंपनीवाले का सोडत असतील. अतुल म्हणाला, कारण आता सगळे खेळ त्यांच्याच दुकानातून घ्यावे लागतील, मशीनमधल्या दुकानातून. श्रावणने मान हलवली. पाच हजार कुठून वसूल होणार ते त्याला कळलं. तरी घेतली. दुसरी परवडत नव्हती.

त्या दुकानात खातं उघडायचं म्हणजे मोबाईल नंबर द्यायचा. श्रावणने आपला नंबर दिला नाही. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला नंबर देणार नाही म्हणाला. शेवटी अतुलचा नंबर टाकला. पासवर्डही अतुलनेच ठरवला. ओटीपी अतुलकडे जायचा, तो फोनवर सांगायचा.

मग श्रावणने त्या दुकानावर पाळत ठेवली. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने भाव लिहायचा. कुस्तीचा एक खेळ दोन महिने २,४९९ ला होता. एका सोमवारी तो ३,९९९ झाला. गुरुवारी त्यावर लाल पट्टी आली, चाळीस टक्के सूट. नवा भाव २,३९९. श्रावणने मला बोलावून कॅलेंडर दाखवलं. खरी सूट शंभर रुपयांची होती. मी विचारलं, सोमवार ते गुरुवार यांनी काय काम केलं? त्याने बोट वर नेलं आणि खाली आणलं. एवढंच.

पुढे त्याने चारशे वीस रुपयांना एका खेळातले दोन जादा संघ घेतले. मोठा माल आहे, उतरायला दोन तास लागतील म्हणून त्याने गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. एका मिनिटात झालं. अतुलने सांगितलं की संघ खेळाबरोबर आधीच आले होते, आपण फक्त कुलपाची चावी घेतली. श्रावणने मंडीच्या भाषेत हिशेब लावला. कॅरेट घरी आलं, भाडं आपण भरलं, आणि तळातली फळं खायची तर परत पैसे. मंडीत असं कोणी केलं असतं तर त्याचा माल परत ढकलला असता, असं तो म्हणाला. इथे ढकलणार कुठे?

इतका सावध माणूस. तरी फसला, आणि फसला तो सवयीने.

यंदा क्रिकेटचा नवा खेळ येणार होता. सोमवारी सगळ्यांसाठी उघडणार, किंमत ३,४९९. जो आगाऊ ४,९९९ भरेल त्याला तीन दिवस आधी, शुक्रवारी. माल तयार आहे, पण पुढचं दार तीन दिवस बंद ठेवायचं आणि मागच्या दाराने जाणाऱ्याकडून पंधराशे जास्त घ्यायचे. श्रावणला हे दिसत होतं. पण त्याला मधला रविवार हवा होता. सोमवारनंतर खेळ घरोघरी जाणार. रविवारी तो फक्त त्याच्याकडे असेल तर मोहगाव, रामाकोना, बोरगाव, पांढुर्णा, सगळीकडून संघ येतील. त्याने ४,९९९ भरले आणि स्पर्धा जाहीर केली. सोळा संघ, पाच-पाच षटकं, दोन मशीनवर दुपारपर्यंत संपेल. सोळा संघांनी फी भरून नावं दिली.

आगाऊ पैसे भरणं त्याला नवीन नव्हतं. संत्र्यात बहार बघूनच बाग घेतात. फळ अजून सुपारीएवढंही नसतं तेव्हा इसार देतात. इसार दिला की बाग तुमची. मग तोडायला चौदा माणसं चढवा की चाळीस, बागवाला काही बोलत नाही. श्रावणच्या डोक्यात हाच व्यवहार होता. खेळ एकदा घेतला, दोन मशीन लावा की चार. डिस्क असती तर एका वेळी एकाच मशीनला लागली असती, हे त्याला कळत होतं. आता डिस्कच नाही, तर अडवणार कोण? मला विचारलं तेव्हा मीही बरोबर म्हणालो.

शुक्रवारी दिवसभर त्याच एका खात्यातून दोन्ही मशीनवर खेळ उतरला. शनिवारी सकाळी दहाला सहा संघांचे कर्णधार चिठ्ठ्या काढायला आले. श्रावणने आतल्या मशीनवर खेळ लावून बघितला होता. सामना मध्येच थांबवून, आतला टीव्ही बंद करून तो बाहेर आला आणि पुढची मशीन लावली. खेळ उघडेना. इंग्रजीत एक ओळ आली. मोहगावचा अंकुश मेडिकलमध्ये काम करतो, त्याने वाचली. तुमच्या खात्यातून हा खेळ एका वेगळ्या मशीनवर चालू आहे, तिथे बंद करा, मग इथे उघडेल.

अंकुशने विचारलं, आत चालू आहे का? श्रावण म्हणाला, आतली माझीच आहे, पैसे मीच भरले, तिचा काय संबंध. त्याने पुन्हा उघडून बघितलं. तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच. मग त्याने रिमोट खाली ठेवला. मी त्याचा चेहरा बघत होतो. मंडीत तळातलं फळ चिरून आत सडकं निघालं की तो असाच व्हायचा.

पासवर्ड कोणाला माहीत आहे? अतुलला. ओटीपी कोणाकडे जातो? अतुलकडे. पैसे घेत नाही, पण दर गुरुवारी येतो. का येतो? हे सगळं तो सहा जणांसमोर मोठ्याने बोलला. मी त्याला थांबवलं नाही. मला तेव्हा ते जुळतंय असं वाटलं, हे खरं आहे.

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अतुलने जयभीम केला. श्रावणने केला नाही.

"घरी मशीन घेतली का रे तू?"

"नाही दादा. काऊन?"

"माह्या खात्यावर कोण खेळून राहिलं मंग? पासवर्ड तुह्याशिवाय कोणापाशी नाही."

तिकडे दुकानातला आवाज येत होता. कोणीतरी मोटार ठोकत होतं. अतुल म्हणाला, "मी सकाळपासून वायंडिंग करून राहिलो."

"म्हणूनच फुकट येत होता तू. आता समजलं."

फोन कट झाला. कोणी कट केला ते कळलं नाही. कर्णधारांपैकी एक जण हसला, मग थांबला. अंकुश म्हणाला, चिठ्ठ्या उद्याच काढू. ते गेले.

अकरा वाजता मीना अंगणवाडीतून आली. तिला फोन चार्ज करायचा होता. ती आत गेली. आतल्या मशीनचा दिवा चालू, समोर कोणी नाही. उगीच बिल वाढतं म्हणून तिने तिची पिन काढली आणि चार्जर लावला. बाहेर श्रावण सवयीने बटण दाबतच बसला होता. खेळ उघडला. मैदान आलं, प्रेक्षकांचा आवाज आला.

मीनाने पडद्याआडून विचारलं, झालं का सुरू? श्रावणने तिला पिन परत लावायला सांगितली. बाहेरचा खेळ बंद करून आत मशीन चालू केली, खेळ लावला. बाहेर पुन्हा उघडायला गेला तर तीच ओळ आली. पिन काढली, सुरू झाला. असं त्याने तीन वेळा केलं. दोन वेळात कळण्यासारखं होतं.

आता मला एक सांगायचं आहे. त्या दुकानाला दोन्ही मशीन माहीत आहेत. दोन्हींना नावं आहेत, ती खात्यात लिहिलेली असतात. कोणत्या दिवशी कोण काय बघून गेलं, कशाचा भाव कधी चढवायचा, हे त्यांना तासानुसार कळतं. मग त्या ओळीत मशीनचं नाव लिहायला किती मेहनत होती? दोन शब्दांची. ती त्यांनी केली नाही. आळस असेल. पण हाच खेळ पुन्हा विकत घ्या म्हणून त्या ओळीखाली बटण होतं, ते ठेवायला त्यांनी आळस केला नव्हता. हे मी श्रावणला सांगितलं. तो म्हणाला, "काका, ते बटण त्यांनी ठेवलं. फोन मी लावला."

दुपारच्या बसने आम्ही रामाकोन्याला गेलो. मीही गेलो, कारण सकाळी मी गप्प बसलो होतो. श्रावणला बसची पायरी चढायला त्रास होतो. मी हात दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

अतुल मोटारीत तार भरत होता. वेढे मोजताना बोलता येत नाही. मध्ये एक चुकला तर सगळी तार काढावी लागते. त्याने आमच्याकडे बघितलं आणि मोजणं चालू ठेवलं. आम्ही बाहेर उभे राहिलो. पाऊण तास. त्याने सगळे वेढे पुरे केले, टोकं बांधली, हात पुसले. हात पुसण्याचीही घाई केली नाही. मला ते बरोबर वाटलं.

श्रावणने सगळं सांगितलं. आतली मशीन, पिन, मीना. चूक माझी म्हणाला. अतुलने ऐकून घेतलं.

"सहा जणांसमोर बोलला तू. इथं येऊन एकट्याले काऊन सांगून राहिला?"

श्रावण म्हणाला, उद्या सोळा संघांसमोर सांगतो. अतुलने पुढची मोटार समोर ओढली. चहाही मागवला नाही. आम्ही परत आलो.

रविवारी आठ वाजता सगळे संघ आले. खोलीत जागा नव्हती, निम्मे रस्त्यावर. अतुलही आला. दाराशी उभा राहिला. श्रावण खुर्चीवर बसून बोलू शकला असता, कंबरेमुळे कोणी काही म्हटलं नसतं. तो उभा राहिला. काल मी अतुलला चोर म्हटलं, असं तो म्हणाला. मशीन माझीच होती. खेळ एका वेळी एकाच मशीनवर चालतो हे मला माहीत नव्हतं. अतुलने मला कधी फसवलं नाही, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. आणि स्पर्धा दुपारी संपणार नाही, एकाच मशीनवर होईल, ज्याला थांबायचं नसेल त्याने फी परत घ्यावी. दोन संघांनी घेतली. चौदा थांबले. शेवटचा सामना पाचला संपला. बोरगावचा संघ जिंकला.

पण त्याआधी, पहिल्या सामन्याच्या आधी, अतुल पुढे आला आणि मशीनसमोर बसला. खातं उघडून नंबर बदलायच्या जागी गेला. स्वतःचा नंबर पुसला आणि रिमोट श्रावणच्या हातात दिला.

"तुहा नंबर टाक आता."

श्रावण म्हणाला, "राहू दे ना तुहाच. माहा भरोसा हाये."

"आज हाये. उद्या मशीन पुन्हा काही लिहीन, अन् तू पुन्हा फोन लावशीन."

श्रावणने नंबर टाकला. त्या रिमोटवर एकेक आकडा शोधून दाबावा लागतो. दोनदा चुकला. चौदा संघ बघत होते, कोणी सांगितलं नाही. मग ओटीपी त्याच्याच फोनवर आला. त्याने खिशातून चष्मा काढून लावला, ओटीपी वाचला, टाकला.

स्पर्धेनंतर एकोणिसाव्या दिवशी तो खेळ त्याच दुकानात २,०९९ ला आला. श्रावणने कॅलेंडरच्या मागे लिहिलं आणि मला दाखवलं नाही. मीच बघितलं.

अतुल अजून येतो. दर गुरुवारी नाही, काम असलं की. पंखा बघतो, वायर बघतो, चहा घेतो. मशीनला हात लावत नाही. श्रावणही त्याला लाव म्हणत नाही. मशीन अडली की तो स्वतः बसतो, चष्मा लावून, आलेली ओळ अंकुशला फोनवर एकेक अक्षर सांगून अर्थ विचारतो. अर्धा तास लागतो. आधी पाच मिनिटं लागायची.